जुन्या मेटल बँडनं नवा अल्बम कसा करावा

वीस-पंचवीस वर्षं जुन्या बँडनं नवा अल्बम करायचं ठरवलं की मला पहिला फोन येतो तो स्टुडिओचा दर विचारायला. मी दर सांगते आणि लगेच सांगते की स्टुडिओ इतक्यात घेऊ नका. आधी एखादी जॅम रूम (बँडच्या सरावाची भाड्याची खोली) सलग दोन दिवस घ्या. सगळे या. जुनी चार गाणी वाजवा, मग नवं जे काही सुचलंय ते वाजवा. खोलीच्या मधोमध मोबाइल ठेवून सगळं रेकॉर्ड करा आणि मला पाठवा.

मी पुण्यात रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते. कॉलेजात असताना ज्यांच्या गिगला मी पहिल्या रांगेत उभी असायचे, त्यांतले काही बँड आता माझ्याकडे येतात. कुणी बँकेत आहे, कुणी आयटीत, एक गायक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. मुलं दहावी-बारावीला, स्वतःची पाठ धरलेली, वेळ फक्त शनिवार-रविवार. तरी त्यांच्याकडे एक गोष्ट असते जी विशीतल्या कुठल्याही बँडकडे नसते. वर्षानुवर्षं एकमेकांचं ऐकत वाजवल्यामुळे त्यांची स्वतःची एक चाल तयार झालेली असते. ड्रमर स्नेअरचा (कडक आवाजाच्या मधल्या ड्रमचा) ठोका किंचित मागे टाकतो, बेस त्याला धरून राहतो, एक गिटार कायम थोडी पुढे धावते. आवाज सुरू झाल्याझाल्या तो बँड ओळखू येतो. नव्या अल्बमसाठी रेकॉर्ड करायची ती ही चाल. खाली जे सांगतेय ते सगळं तिला जपण्यासाठी आहे, कारण आजच्या सॉफ्टवेअरवर ती पुसून टाकायला एक दुपार पुरते.

आधी एक उदाहरण नीट ऐका

जुडास प्रीस्ट हा बर्मिंगहॅमकडचा बँड, १९६९ सालचा. २०११ मध्ये गिटारिस्ट के. के. डाउनिंग बाहेर पडला आणि त्याच्या जागी तरुण रिची फॉकनर आला. २०१४ मध्ये ‘रिडीमर ऑफ सोल्स’ आला. गाणी चांगली होती, पण मला त्याचा आवाज दबलेला वाटतो. वाद्यं वेगवेगळ्या खोल्यांतून ऐकू आल्यासारखी वाटतात. मग मार्च २०१८ मध्ये ‘फायरपॉवर’ आला आणि फरक पहिल्याच गाण्यात कळला. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत तो पाचव्या क्रमांकावर गेला. इतक्या वर्षांत हा बँड तिथे इतका वर कधीच पोचला नव्हता.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, कित्येक वर्षांनी सगळे एकत्र उभे राहून वाजवत रेकॉर्ड केलं. दोन, एकाऐवजी दोन निर्माते (प्रोड्युसर) घेतले. टॉम अ‍ॅलम हे जुने. १९७९ च्या ‘अनलीश्ड इन द ईस्ट’पासून १९८८ च्या ‘रॅम इट डाउन’पर्यंत प्रीस्टबरोबर होते, आणि त्याआधी ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमवर इंजिनिअर होते. दुसरा अँडी स्नीप. तो स्वतः थ्रॅश बँडमधला गिटारिस्ट, अ‍ॅक्सेप्ट, एक्झोडस, मेगाडेथ यांच्यासोबत काम केलेला. एकाला बँड काय होता ते ठाऊक, दुसऱ्याला आजचा मेटल ऐकणारा काय ऐकतो ते ठाऊक. टेक, म्हणजे एका दमात वाजवून केलेलं रेकॉर्डिंग, चांगला झाला की नाही हे अ‍ॅलमनं भावावरून सांगायचं आणि स्नीपनं बारकाव्यावरून, अशी विभागणी मला त्या अल्बममध्ये ऐकू येते. गाणी घट्ट आहेत, पण यंत्रानं कापल्यासारखी नाहीत.

हा अल्बम आणि १९८० चा ‘ब्रिटिश स्टील’ एकामागोमाग ऐका. ‘ब्रिटिश स्टील’च्या वेळी सॅम्पलर (आधी रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारी यंत्रं) सहज मिळत नव्हते, म्हणून काच फुटल्याच्या आवाजासाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या आणि लोखंडी पावलांच्या आवाजासाठी काटे-चमच्यांचा ट्रे हलवला. तेव्हाही निर्माते अ‍ॅलमच. दोन्ही अल्बममध्ये अडतीस वर्षांचं अंतर आहे, पण माणसं एकत्र उभी राहून वाजवताहेत हे दोन्हीकडे कळतं.

रिफ जमवणं आणि टाकणं

जुन्या बँडकडे रिफची, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या धुनांची, कमतरता नसते. फोनमध्ये, जुन्या लॅपटॉपमध्ये, कुणाच्या तरी सीडीवर ढीग पडलेला असतो. पहिलं काम म्हणजे तो एका जागी आणा आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. मेटॅलिकाचा गिटारिस्ट कर्क हॅमेटचा फोन २०१४ मध्ये कोपनहेगनच्या विमानतळावर हरवला आणि त्यात अडीचशेच्या आसपास रिफ होते. दुसरी प्रत नव्हती. २०१६ च्या ‘हार्डवायर्ड’ अल्बमच्या गीतकार-संगीतकारांच्या नावांत तो नाही. ज्या बँडला हवे तितके इंजिनिअर मिळू शकतात त्यांचं हे झालं.

प्रत्येक फाइलच्या नावात ट्यूनिंग (तारा कुठल्या सुरावर लावल्या) आणि वेग (बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती मात्रा) लिहा: ‘डी, १४२’ एवढं पुरे. नाव, गाव, तारीख नंतर. मग सगळ्यांनी बसून ऐका, पण रिफ कुणाचा हे न सांगता. हे मी आग्रहानं करून घेते. जुन्या बँडमध्ये कोण कुणाला नाही म्हणू शकत नाही हे पंधरा वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं असतं. नाव झाकलं की खरं मत बाहेर येतं. एकदा ठाण्याच्या एका बँडच्या बैठकीत बेसिस्टचा रिफ सगळ्यांनी उचलून धरला. नाव कळल्यावर गिटारिस्ट त्याला म्हणाला, “अरे, तू इतकी वर्षं हे लपवून का ठेवलंस?” तो म्हणाला, “तुम्ही कधी विचारलंत?” त्या रिफवर अल्बमचं पहिलं गाणं उभं राहिलं.

स्वतःचे जुने अल्बम ऐकावेत का? ऐकावेत, पण कशासाठी ते आधी ठरवा. २०१३ च्या ‘१३’ या अल्बमच्या वेळी निर्माता रिक रुबिननं ब्लॅक सॅबथच्या मंडळींना त्यांचाच १९७० चा पहिला अल्बम ऐकायला बसवलं. तो पहिला अल्बम त्यांनी साधारण एका दिवसात वाजवून टाकला होता. रुबिनला हवा होता तो तसा मोकळा हात, आणि तो ‘१३’मध्ये बऱ्याच ठिकाणी सापडतो. पण त्याच अल्बमचं पहिलं गाणं ऐकताना १९७० ची सावली फार गडद पडते. मूळ ड्रमर बिल वॉर्ड करारावरून बाहेर राहिला आणि त्याच्या जागी ब्रॅड विल्क बसला. विल्क उत्तम वाजवतो, पण वॉर्डची जॅझमधून आलेली झुलती चाल त्याच्याकडे नाही, आणि ती असल्याशिवाय सॅबथ पूर्ण होत नाही. म्हणून जुना अल्बम ऐकताना रिफ ऐकू नका. ड्रमर आणि बेसिस्ट एकमेकांत किती जागा सोडतात ते ऐका.

गाणी किती? माझं मत स्पष्ट आहे: पंचेचाळीस मिनिटं. प्रीस्टचा ‘पेनकिलर’ दहा गाण्यांत आणि साधारण शेहेचाळीस मिनिटांत सगळं सांगून जातो. ‘फायरपॉवर’ मला आवडतो, तरी चौदा गाण्यांतली दोन-तीन मी काढली असती. आयर्न मेडनचा २०१५ चा ‘द बुक ऑफ सोल्स’ ब्याण्णव मिनिटांचा आहे, पण त्यांचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस लांब गाण्यांची वास्तू बांधायचं काम १९७५ पासून करतोय. तुम्ही तसे नसाल तर नादी लागू नका. शिवाय विनाइल काढायचं असेल तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे आवाजाची ताकद कमी होत जाते, म्हणजे पुन्हा पंचेचाळीसच्या आतच येता.

निवडलेल्या गाण्यांपैकी निदान तीन, रेकॉर्डिंगच्या आधी, लोकांसमोर वाजवा. छोटी जागा चालेल. कुठल्या कडव्यात लोक फोन काढतात ते स्टेजवरून दिसतं, आणि ते कडवं छोटं करायचं असतं.

ड्रम: इथेच अल्बम जगतो

ड्रमवर मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घालवते, म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी वेग. १८० बीपीएमला डबल किकवर (दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) सोळांश मात्रा, म्हणजे एका मात्रेत चार ठोके, वाजवायच्या म्हणजे सेकंदाला बारा ठोके, प्रत्येक पायाला सहा. पन्नाशीतला ड्रमर एका गाण्यात ते करेल, दिवसात चार टेक देताना करणार नाही. अशा वेळी दोन मार्ग असतात. पहिला, कमी वेगात वाजवून घ्यायचं आणि कॉम्प्युटरवर ओढून ताणून बसवायचं. तो घेऊ नका. दुसरा, गाणंच १७० वर आणायचं. दहा बीपीएम उतरल्यावर बहुतेक रिफ जड होतात, शब्द स्पष्ट होतात आणि गायकाला श्वास घ्यायला जागा मिळते. ड्रमरला याचं वाईट वाटतं. त्याला दोन्ही टेक वेग न सांगता ऐकवा आणि कुठला जास्त दणकट वाटतो ते विचारा.

मग क्लिक, म्हणजे कानात वाजणारी वेगाची टिकटिक. क्लिकवर सरळ एकाच वेगानं वाजवायला लावलं की जुन्या बँडची चाल मरते. क्लिक अजिबात नको म्हटलं तर नंतर ओव्हरडब (वर चढवायचे आवाज) आणि दुरुस्त्या अवघड होतात. मी मधला रस्ता घेते. बँडला क्लिकशिवाय पूर्ण गाणं तीन-चारदा वाजवू द्यायचं. सगळ्यांत चांगला टेक निवडायचा आणि त्यातल्या प्रत्येक भागाचा वेग मोजायचा. मुखडा १६४, कोरस १६७, सोलोत १६९, शेवटच्या कोरसला परत १६६, असं काहीतरी निघतं. मग त्याच चढउताराची क्लिक तयार करायची आणि तिच्यावर खरे टेक घ्यायचे. तेव्हा क्लिक बँडच्या मागून चालते.

रेकॉर्ड करताना ड्रमर एकटा नको. बेस आणि दोन्ही गिटार त्याच खोलीत किंवा काचेपलीकडे दिसतील अशा जागी असाव्यात, त्यांचे अँप दुसऱ्या खोलीत बंद करून. गिटारचे हे टेक नंतर ठेवले नाहीत तरी चालतील. ड्रमरला वाजवणाऱ्यांची मान हलताना दिसली पाहिजे. गायकानंही कच्चं गायचं, पण पूर्ण जीव लावून. गाणं पुटपुटलं की ड्रमरही पुटपुटतो.

बाकीचं थोडक्यात. सगळ्या ड्रमच्या कातड्या नव्या, आणि दर दोन-तीन गाण्यांनी स्नेअरची बदला. रोज सकाळी ट्यूनिंग तपासा. किकला सॅम्पलची (आधी रेकॉर्ड केलेल्या ठोक्याची) जोड दिली तर हरकत नाही, पण मूळ आवाज त्याच्याखाली पुरला जाता कामा नये. आणि एडिट करताना ग्रिड (ठोके आपोआप ठरलेल्या मात्रेवर बसवणारी जाळी) बंद ठेवा. कानाला खटकेल तेवढंच सरकवा, डोळ्याला खटकेल ते राहू द्या.

तारखांबद्दल एक पुणेरी सूचना. जुलैपासून गणपतीपर्यंत ढोल पथकांचा सराव चालतो. नदीकाठाजवळच्या स्टुडिओत संध्याकाळी त्या ढोलाची घुमक भिंतीतून आत येते आणि ड्रमच्या खोलीतल्या माइकवर बसते. ती नंतर काढता येत नाही. त्या काळात ड्रम सकाळी घ्या, किंवा डिसेंबर-जानेवारी धरा. पावसाळी हवेत गिटारची मानही हलते आणि दर तासाला इंटोनेशन (प्रत्येक जागी सूर बरोबर लागतो का ते) पाहावं लागतं. शनिवार-रविवार असे तुकडे करून ड्रम घेऊ नका. मधल्या आठवड्यात हात, कान आणि माइकच्या जागा सगळं बदलतं. सगळ्यांनी एकदम रजा टाका आणि ड्रम-बेस सलग संपवा.

गिटार आणि आजचे हात

ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच होता. त्यानं वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांवर चढवल्या, बारीक तारा लावल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पासून गिटार सी शार्पपर्यंत खाली उतरवली, म्हणजे तारा सैल होऊन दाबायला सोप्या झाल्या. हेवी मेटलचा जड आवाज घडण्यात या अडचणीचा मोठा वाटा आहे. तेव्हा मनगट दुखतं म्हणून बारीक तारा लावायला संकोच करू नका. खाली ट्यून केल्यावर बारीक तारा लडबडतात हे खरं, म्हणून स्टुडिओत येण्याआधी महिनाभर त्याच तारांवर आणि त्याच ट्यूनिंगमध्ये सराव करा, आणि गिटार एकदा सेटअप करून घ्या.

कोण काय वाजवणार हे आजच्या हातांवर ठरवा, १९९९ च्या हातांवर नाही. प्रीस्टचा गिटारिस्ट ग्लेन टिप्टननं २०१८ च्या फेब्रुवारीत पार्किन्सन्स झाल्याचं जाहीर केलं. आजार त्याआधीपासूनच होता, तरी ‘फायरपॉवर’वर तो आहे. दौऱ्यात त्याची जागा अँडी स्नीपनं घेतली आणि जमेल तेव्हा टिप्टन शेवटच्या काही गाण्यांना स्टेजवर यायचा. २०२४ च्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’मध्येही रचनेत त्याचा वाटा आहे. बँडमधल्या कुणाला आता एखादा भाग जमत नसेल तर तो भाग दुसऱ्याला द्या, पण त्या माणसाला अल्बममधून काढू नका. त्याच्याकडे रिफ आहेत, मत आहे, आणि टेक ऐकताना कुठे काहीतरी चुकलंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

ऱ्हिदम गिटार डावी-उजवीकडे दोनदा घ्यायची असते. आजकाल घट्टपणासाठी दोन्ही बाजू एकाच गिटारिस्टकडून वाजवून घेतात. मेटॅलिकात गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड बहुतेक सगळी ऱ्हिदम स्वतः वाजवतो आणि तो त्यांचा आवाज आहे. तुमच्याकडे पहिल्यापासून दोन गिटारिस्ट असतील तर एकानं डावी बाजू वाजवावी, दुसऱ्यानं उजवी. दोघांच्या पिकिंगमधला बारीक फरक हीच तुमची रुंदी.

प्रत्येक टेकबरोबर साधा डीआय सिग्नलही (अँपमधून न जाता थेट गिटारमधून आलेला आवाज) वेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे अँपचा आवाज नंतर बदलता येतो. अर्थिंग तपासल्याशिवाय मात्र एकही टेक घेऊ नका. हाय गेनवर (अँपचा आवाज खूप फाटवताना) अर्थिंग खराब असेल तर तारांवरून हात उचलला की भुणभुण सुरू होते, आणि रिफमधल्या सगळ्या शांत जागा त्यानं भरून जातात. इलेक्ट्रिशियन बोलावणं हे रेकॉर्डिंगच्याच खर्चात धरा.

अवघड सोलो दुपारी जेवणानंतर ठेवू नका. सकाळी अर्धा तास हात गरम करून लगेच घ्या.

गळा

ट्यूनिंग गायक ठरवतो. गिटारिस्टला हे मान्य करायला लावा. प्रत्येक गाण्याचा कोरस ई, ई फ्लॅट आणि डी अशा तिन्ही ठिकाणी पूर्ण आवाजात गाऊन पाहा आणि रेकॉर्ड करून ऐका. सगळ्यांत वर पोचतो ती पट्टी निवडायची नसते, शब्दाला वजन येतं ती निवडायची. प्रीस्टचा गायक रॉब हाल्फर्ड ‘फायरपॉवर’च्या वेळी सहासष्ट वर्षांचा होता. तो किंचाळतो, पण मोजक्या ठिकाणी. बरीच गाणी तो मधल्या आवाजात गातो, आणि त्या आवाजात आता जो खरखरीतपणा आला आहे तो ‘पेनकिलर’च्या वेळी नव्हता. मला तो फार आवडतो.

दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त गायचं नाही. सगळे गायनाचे ट्रॅक शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. गिटार झालं की त्या गाण्याचं गायन लगेच घ्या, मग दुसऱ्या गाण्याकडे वळा. त्या दिवसांत रात्रीचं जेवण लवकर. उशिरा मसालेदार जेवून आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी घसा जड असतो; पन्नाशीतल्या गायकांमध्ये हे मी सर्रास पाहते. एका गाण्याचे चार-पाच पूर्ण टेक घ्या आणि त्यांतून ओळी निवडा. सूर सुधारायचं सॉफ्टवेअर मी मेटलवर लावत नाही. ओळ बेसूर असेल तर ती ओळ परत गायला लावते.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सननं ‘द बुक ऑफ सोल्स’चं गायन २०१४ मध्ये पॅरिसमध्ये केलं. त्या वर्षअखेरीस नेहमीच्या तपासणीतून पुढे चाचण्या झाल्या आणि जिभेच्या मागच्या भागात कर्करोगाची गाठ निघाली. उपचार झाले, तो बरा झाला, अल्बम सप्टेंबर २०१५ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी तो जगभर गायला. वेळेवर तपासणी झाली म्हणून हे सगळं शक्य झालं. आयोमीचंही तसंच: २०१२ च्या सुरुवातीला लिम्फोमाचं निदान झालं आणि ‘१३’चं काम त्याच्या उपचारांच्या तारखा सांभाळत पुरं झालं. बँडमधल्या प्रत्येकानं आपली औषधं, शस्त्रक्रिया, तपासण्या आधीच बोलून टाकाव्यात, म्हणजे वेळापत्रक त्याभोवती आखता येतं.

नावं, पैसे आणि जुने हिशेब

याबद्दल थोडंच सांगते, पण हे वगळू नका. कुठल्या गाण्यात कुणाचा किती टक्के वाटा हे पहिला टेक घेण्याआधी कागदावर लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. शब्द आणि संगीत ज्यांचं आहे त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घेऊन गाणी नोंदवा. मेटॅलिकाला ‘सेंट अँगर’च्या वेळी, २००१ ते २००३, एकमेकांशी बोलता यावं म्हणून थेरपिस्ट ठेवावा लागला होता. जुन्या बँडमध्ये गाण्याच्या लांबीवरून सुरू झालेला वाद पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या गिगच्या मानधनावर जातो. तो वाद जॅम रूमच्या दोन दिवसांत होऊन जाऊ द्या. स्टुडिओचं मीटर सुरू असताना नको.

एक बाहेरचा माणूस हवाच. निर्माता परवडत नसेल तर ज्याचे कान तुम्ही मानता असा एक संगीतकार, बँडच्या बाहेरचा, त्याला फक्त टेक निवडायला बसवा. शेवटचा शब्द त्याचा, हे आधी ठरवून.

मिक्स आणि मास्टरिंग

इथे वयाचा एक प्रश्न आहे ज्याबद्दल कुणी बोलत नाही. पंचवीस वर्षं मार्शल अँपच्या भिंतीपुढे उभं राहिलेल्या माणसाला वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं. मग तो म्हणतो, “झांजा जरा चमकव.” आपण चमकवतो, त्याला बरं वाटतं, आणि तरुण श्रोत्याच्या कानाला ते टोचतं. म्हणून झांजा, हाय-हॅट आणि गायनातला ‘स’ यांचा निर्णय पंचविशीच्या आतल्या कुणाला तरी विचारून घ्या. बँडमधल्या कुणाची मुलगी-मुलगा असेल तर उत्तम. मिक्स ऐकताना आवाज ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि तासाला दहा मिनिटं पूर्ण शांतता.

आवाज किती मोठा असावा, या वादाचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’. अल्बम इतका दाबून, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक पुसून, मोठा केला होता की स्नेअर फाटल्यासारखी ऐकू येते. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये आली ती कमी दाबलेली होती, आणि चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवला. मास्टरिंग (मिक्सला शेवटचा हात देण्याचं काम) करणाऱ्या टेड जेन्सननं सांगितलं की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच दाबलेले होते. उलट टोकाला आयर्न मेडनचा २००६ चा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’: स्टीव्ह हॅरिसनं तो मास्टर करूच दिला नाही. मिक्स जसा होता तसा गेला.

तुम्ही दोन्हींच्या मध्ये राहा. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायच्या एककाच्या) पातळीवर आणून वाजवतं, म्हणजे फार मोठा अल्बम तिथे खाली ओढला जातो आणि दबलेला आवाज तेवढा उरतो. मास्टरिंगवाल्याला दोन आवृत्त्या करायला सांगा, एक मोकळी आणि एक थोडी दाबलेली, आणि दोन्ही एकाच पातळीवर आणून ऐका. गाडीत ऐका, स्वस्त ब्लूटूथ स्पीकरवर ऐका, मोबाइलवर ऐका. स्नेअर जिथे तिथे छातीवर आदळायला हवी.

सगळं झालं की प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत अखंड वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, नावं नीट देऊन. पाच वर्षांनी सॉफ्टवेअर बदललेलं असतं आणि प्रोजेक्ट उघडत नाही.

मग पहिला शो. आयर्न मेडननं २००६ च्या दौऱ्यात ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला होता. त्याच दौऱ्याच्या पुढच्या टप्प्यात, १७ मार्च २००७ ला, ते बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर आले. मुंबई-पुण्याची पोरं उद्यान एक्सप्रेसनं गेली होती, मीही त्यात होते, आणि नवी गाणीही लोक शब्दन् शब्द म्हणत होते. बंगळुरूचाच मेटल बँड क्रिप्टोस १९९८ पासून वाजवतोय, आणि २०२४ मध्ये त्यांनी ‘डेसिमेटर’ काढला. तेव्हा नवी गाणी सेटच्या मधे लपवू नका. पहिली दोन नवी वाजवा, मग एक जुनं, मग परत दोन नवी. सगळ्यांत लोकप्रिय जुनं गाणं शेवटाला ठेवा, आणि त्याच्या अगदी आधी अल्बममधलं सगळ्यांत जड गाणं, त्याच कमी केलेल्या वेगात. स्टेजवर वेग चढतो, म्हणून ड्रमरच्या कानात पहिल्या चार मात्रांपुरती क्लिक द्या आणि मग बंद करा.